द्राक्षाच्या डोळ्यांतलं हायड्रोजन पेरॉक्साइड मोजायला कोणती पद्धत बरी? (नाशिककर आणि रसायनवाले, मदत करा)

वेलबुट्टी

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये एमएस्सीचा प्रकल्प करतेय आणि अडकलेय.

ऑक्टोबर छाटणी झाली की डोळे (काडीवरच्या कळ्या) एकसारखे फुटावेत म्हणून आपल्याकडे हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात, म्हणजे लेप लावतात, हे इथल्या निम्म्या लोकांना माझ्याहून चांगलं माहीत असेल. ते डोळ्यात शिरलं की पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज हे एन्झाइम दबतं, पेरॉक्साइड साचतं आणि झोपलेला डोळा जागा होण्याच्या साखळीतली ती एक कडी असावी, अशी मांडणी १९८० च्या दशकापासून आहे. मला ते दिंडोरीकडच्या एका बागेतल्या थॉमसन जातीच्या द्राक्षावर बघायचंय.

सध्या करते ते असं: डोळे ०.१ टक्का ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्लात बर्फावर खलायचे, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचा अर्क अर्धा मिली, १० मिलिमोलर फॉस्फेट बफर (पीएच ७) अर्धा मिली आणि १ मोलर पोटॅशियम आयोडाइड १ मिली. अंधारात ठेवून ३९० नॅनोमीटरला वाचन. प्रमाण द्रावणांची रेषा सरळ येते. पण पेस्टिंग केलेले आणि न केलेले डोळे सारखेच आकडे देतात. कधीकधी न केलेल्यांचाच आकडा मोठा!

गाइड म्हणतात पद्धत बदल. विभागात साधा यूव्ही-व्हिजिबल आहे, फ्लुरोमीटर (चमक मोजायचं यंत्र) नाही. कोणती घेऊ?

उनाड_प्रोटॉन

डीसीएफ डाय वापर. हिरवं चमकलं की झालं. सगळे पेपर त्याच्यावरच आहेत.

पेशीपुराण

सगळे पेपर त्याच्यावर आहेत म्हणूनच नको. डीसीएफ एकटं पेरॉक्साइड ओळखत नाही. लोह असलं, पेरॉक्सिडेज असलं, इतर ऑक्सिडंट असले तरी ते चमकतं, वर सूक्ष्मदर्शकाच्या उजेडात स्वतःचं स्वतःही ऑक्सिडाइझ होतं. ‘पेशीवर काहीतरी ताण आहे’ इतकंच त्यातून कळतं. शिवाय वेलबुट्टीकडे फ्लुरोमीटर नाही, हे वाचलंस का?

उनाड_प्रोटॉन

वाचलं नव्हतं. चालू द्या.

भद्रकालीकर

मला वाटलं धागा डोळ्यांच्या दवाखान्याचा आहे. कॉलेज रोडच्या एका डॉक्टरांचा नंबर देणार होतो.

टायट्रेशनकाका

वेलबुट्टी, पद्धत बदलण्याआधी बाटली तपास. ३० टक्के म्हणून लिहिलेलं पेरॉक्साइड ताजं असेल तर साधारण ९.८ मोलर असतं, पण कपाटात पडून राहिलेल्या बाटलीचा भरवसा नाही. सातपूरला कारखान्यात आम्ही पर्मँगनेटने टायट्रेशन करायचो, आम्लात, फिका गुलाबी टिकला की थांबायचं. तुझ्याकडे यंत्र आहे तर आणखी सोपं: १० मिलिमोलर समजून केलेलं द्रावण २४० नॅनोमीटरला वाच. मोलर शोषणांक ४३.६ धरला तर १ सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये ०.४३६ यायला हवं. क्युवेट क्वार्ट्‌झचं घे. काच आणि साधं प्लास्टिक २४० ला स्वतःच प्रकाश खातात.

प्रमाण रेषा सरळ आली म्हणजे बाटली बरोबर, असं नसतं. चुकीच्या बाटलीचीही रेषा सरळच येते.

वेलबुट्टी

काका, आज बघितलं. थोडं कमी भरलं, पण फार नाही. नवीन किंमत धरून आकडे काढले. दोन्ही गट तरीही सारखेच.

पथलॅबची_ताई

मी पंचवटीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. आम्ही दिवसभर पेरॉक्साइडच मोजत असतो, फक्त तसं म्हणत नाही. रक्तातल्या साखरेचं जीओडी-पीओडी किट म्हणजे ग्लुकोज ऑक्सिडेज साखरेपासून पेरॉक्साइड बनवतं, मग पेरॉक्सिडेज ते वापरून फिनॉल आणि ४-अमिनोअँटिपायरिन जोडतं, गुलाबी-लाल रंग येतो आणि ५०५ ला वाचायचं. कोलेस्टेरॉल आणि युरिक अ‍ॅसिडच्या बऱ्याच किटांतही शेवटची पायरी हीच. तुझा अर्क किटात टाकून बघ ना. स्वस्त पडेल.

पेशीपुराण

ताई, कल्पना भारी, पण तयार किट नको. त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज आहे आणि फुटायला आलेला डोळा साखरेने भरलेला. ती पेरॉक्साइड न मोजता डोळ्यातली साखर मोजत बसेल. घ्यायचंच तर नुसतं पेरॉक्सिडेज, फिनॉल आणि अमिनोअँटिपायरिन वेगळं आणून.

पथलॅबची_ताई

अरे हो, साखर! बरोबर. एक मात्र सांगते. व्हिटॅमिन सी खूप घेणाऱ्या पेशंटची लघवीची पट्टी साखर असूनही निगेटिव्ह दाखवू शकते, कारण तयार झालेलं पेरॉक्साइड रंग यायच्या आत सी खाऊन टाकतं. तुमच्या डोळ्यांत व्हिटॅमिन सी असतं का?

पेशीपुराण

ताईंनी नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. मी मूळ नाशिकरोडचा, सध्या पुण्यात वनस्पतींच्या याच विषयावर काम करतो, तर जरा सविस्तर लिहितो.

पोटॅशियम आयोडाइडच्या पद्धतीत पेरॉक्साइड आयोडाइडचं आयोडीन करतं, ते उरलेल्या आयोडाइडला धरून ट्रायआयोडाइड बनतं आणि आपण त्याचा पिवळा रंग वाचतो. त्याचं खरं शिखर ३५० च्या आसपास आहे, ३९० ला आपण उतारावर उभे असतो. वनस्पतींसाठी ही कृती रूढ झाली ती २००० च्या आसपासच्या पेपरांमुळे. स्वस्त आहे, दोन रसायनांत होते, म्हणून भारतातल्या विद्यापीठांत सगळीकडे तीच. पण अर्कात अ‍ॅस्कॉर्बेट (म्हणजे व्हिटॅमिन सी) असेल तर ते आयोडीनला परत आयोडाइड करून टाकतं. रंग आला तसा गेला. द्राक्षाच्या डोळ्यात अ‍ॅस्कॉर्बेट तर आहेच, वर खवल्यांत टॅनिन आणि बाकीची पॉलिफिनॉल भरपूर. तीही आयोडीन खातात.

ही झाली आकडा खाली ओढणारी बाजू. वर ढकलणारी बाजू द्राक्षवाल्यांना जास्त लागू. बागेत बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारतात ना? त्यातलं तांबं आयोडाइडचं सरळ आयोडीन करतं, पेरॉक्साइडचा संबंधच नाही. म्हणजे काडीवर बोर्डोचा अंश राहिला असेल तर तू पेरॉक्साइड समजून तांबं मोजतेयस. न पेस्ट केलेल्या डोळ्यांचा आकडा मोठा येतो म्हणतेस, तिथे मला आधी हाच संशय येईल.

म्हणून पद्धत बदलण्याआधी दोन नळ्या वाढव. एका नळीत खलतानाच, म्हणजे आम्ल घालतानाच, माहीत असलेल्या प्रमाणात पेरॉक्साइड टाक आणि शेवटी त्यातलं किती परत मिळतं ते बघ. खलून झाल्यावर टाकलंस तर खलताना काय गेलं ते कळणार नाही. दुसऱ्या नळीत वाचनाआधी कॅटलेज टाक. कॅटलेज टाकूनही जो रंग उरतो, तो पेरॉक्साइडचा नाही. हे दोन आकडे हातात नसतील तर आयोडाइड घे, टायटॅनियम घे, नाहीतर लाखाचं किट आण, पाणी गळक्या हंड्यातच भरलं जाणार.

२००८ मध्ये ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बॉटनी’त यावर एक आख्खा लेख आला होता. पानांतल्या पेरॉक्साइडचे छापून आलेले आकडे एकमेकांपासून इतके पटींनी वेगळे का, हाच त्याचा प्रश्न. गाइडना वाचायला दे.

दिंडोरीचा_बागाईतदार

छाटणी झाली की काडीवर बोर्डो मारतोच आम्ही, रोग राहू नये म्हणून. तुम्ही बागवाल्याला आधीच सांगा की दोन ओळी बोर्डोशिवाय आणि दोन पेस्टिंगशिवाय सोड. हंगाम सुरू झाल्यावर सांगितलं तर कोणी ऐकणार नाही, मजूर ओळीच्या ओळी उरकत पुढे जातात.

आणि पोरी, पेस्टिंगच्या दिवशी हातमोजे घाल. बरोबरच्या मजुरांना सांग, त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूला शिवायचं नाही. आमच्याकडे एकाला दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

पेशीपुराण

दादांचं अगदी खरं. सायनामाइड यकृतातलं अल्डिहाइड डिहायड्रोजनेज अडवतं, दारूपासून बनलेलं अ‍ॅसेटाल्डिहाइड शरीरात साचतं, चेहरा लाल, छातीत धडधड, रक्तदाब खाली. दारू सोडवायच्या एका औषधामागे हेच सायनामाइड आहे.

सायीचं_दही

दुधाच्या बाजूने थोडं. आमच्याकडे संकलनावर पेरॉक्साइडची भेसळ बघायला व्हॅनेडियम पेंटॉक्साइडचं आम्लातलं द्रावण वापरतात, लालसर-गुलाबी आलं की टँकर बाजूला. आयोडाइड आणि स्टार्चही चालतं, निळं येतं. पण कच्च्या दुधात स्वतःचं कॅटलेज असतं, त्यामुळे सकाळी घातलेलं संध्याकाळी सापडेलच असं नाही. नमुना आला की लगेच बघायचा, हा आमचा पहिला नियम. डोळे बागेतून नाशिकला येईपर्यंत कशात आणता?

वेलबुट्टी

थर्माकोलच्या डब्यात बर्फावर. 😐

टायट्रेशनकाका

मग निम्मं वाटेतच संपलं.

पेशीपुराण

संपलं, किंवा नवीन तयारही झालं! कापलेला भाग जखमी असतो आणि जखम झाली की वनस्पती स्वतः पेरॉक्साइड बनवते. बर्फाने वेग कमी होतो, थांबत नाही. द्रव नायट्रोजन हवा, डोळा काडीवरून सुटला की आत. विभागात नसेल तर गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्यकांड्या द्रव नायट्रोजनच्या भांड्यांतच ठेवतात, त्यामुळे नाशिक जिल्ह्यात पुरवठादार आहेत. पशुसंवर्धनवाल्या कोणाला विचार, छोटं भांडं काही काळासाठी मिळतं. खलतानाही नायट्रोजनमध्ये पूड कर आणि ती वितळायच्या आत आम्ल घाल. वितळली की पेशीतल्या पेरॉक्सिसोमात बंद असलेलं कॅटलेज सगळीकडे पसरतं.

सायीचं_दही

नायट्रोजनचं भांडं बंद गाडीत काचा लावून नेऊ नका. वायू झाला की ऑक्सिजनला बाहेर ढकलतो. डिकीत ठेवून पुढे बसणंही तसंच.

वेलबुट्टी

सगळ्यांचे खूप आभार. नायट्रोजनची सोय झाली, एका पशुवैद्यक दादांनी भांडं दिलं. बोर्डो न मारलेल्या ओळीही मिळाल्या. पेशीपुराण, तुम्ही सांगितलेल्या दोन नळ्या केल्या. टाकलेल्या पेरॉक्साइडचं निम्मंही परत मिळत नाही. आणि कॅटलेजच्या नळीत आकडा हलतच नाही! म्हणजे माझा सगळा रंग खोटा? पेस्टिंगवाल्या आणि बिनपेस्टिंगवाल्या दोन्हींत नाही हलत.

टायट्रेशनकाका

थांब. कॅटलेज टाकलंस तेव्हा नळीचा पीएच किती होता?

वेलबुट्टी

बफर ७ चा आहे काका.

टायट्रेशनकाका

बफरचा नाही विचारला, नळीचा विचारला. ०.१ टक्का ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक म्हणजे सुमारे ६ मिलिमोलर तीव्र आम्ल. त्यात तेवढंच १० मिलिमोलर फॉस्फेट. फॉस्फेटचा आम्ल शोषणारा भाग ७ पीएचला साधारण निम्माच असतो. तो सगळा खर्च झाला. पट्टी बुडवून बघ, ७ निघालं तर कळव.

वेलबुट्टी

पट्टीवर ५ च्याही खाली दिसतंय. 🤦

टायट्रेशनकाका

मग कॅटलेज तिथे काय काम करणार? कॅटलेजच्या नळीसाठी अर्क आधी पोटॅशियम हायड्रॉक्साइडने थेंबाथेंबाने ७ वर आण, किंवा १०० मिलिमोलर बफर घे. आणि प्रमाण द्रावणंही साध्या पाण्यात नको, त्याच आम्ल-बफरात कर. आयोडाइडची क्रिया पीएचप्रमाणे बदलते. प्रमाण एका पीएचला आणि नमुना दुसऱ्या, असं झालं तर तुलनाच उरत नाही.

पेशीपुराण

काकांना दंडवत. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता यात एक पाचर आहे, आणि ती फक्त तुझ्याच प्रयोगात आहे. सायनामाइड कॅटलेजलाच अडवतं. पेस्टिंग केलेल्या डोळ्याच्या अर्कात थोडं सायनामाइड उरलं असेल तर तू बाहेरून टाकलेलं कॅटलेजही अडू शकतं, आणि खरं पेरॉक्साइडसुद्धा ‘खोटा रंग’ म्हणून दिसेल. म्हणून आणखी एक नळी: पेस्टिंगचा अर्क, त्यात माहीत असलेलं पेरॉक्साइड, त्यात कॅटलेज. टाकलेलं नाहीसं झालं तर कॅटलेज जिवंत आहे. नाही झालं तर अर्क पातळ कर, कॅटलेज वाढव. तुलनेसाठी उकळून मारलेलं कॅटलेज टाकलेली नळी ठेव, नुसतं पाणी टाकलेली नको. आणि नुसतं सायनामाइड घातलेलं एक प्रमाण द्रावणही वाच, ते रंगाशी थेट काही करतं का ते कळेल.

नमुन्यात अझाइड घालत असशील तर तेही बंद कर. ते कॅटलेज आणि पेरॉक्सिडेज दोन्ही अडवतं.

वेलबुट्टी

अझाइड नाही घालत. हे सगळं करून बघते. पण टाकलेलं निम्मंही परत मिळत नाही, त्याचं काय? तिथे तरी पद्धत बदलावी का?

पेशीपुराण

तिथे हो. तुझ्या यंत्रावर दोन पर्याय आहेत.

टायटॅनियम: आम्लात पेरॉक्साइड टायटॅनियमला धरून पिवळं संयुग करतं, ४१० ते ४१५ ला वाचायचं. अमोनियाने त्याचा साका पाडणारी जुनी कृती तुझ्यासाठी जास्त चांगली, कारण साका अ‍ॅसिटोनने धुता येतो आणि डोळ्याचा तपकिरी रंग, पॉलिफिनॉल बरंच निघून जातं. मग २ नॉर्मल गंधकाम्लात विरघळवून वाच. टायटॅनियम टेट्राक्लोराइड दमट हवेत धुरतं, हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर, म्हणून फ्यूम हूडमध्ये. टायटॅनियम ऑक्सिसल्फेट वापरलं तर तो त्रास नाही. उणीव एकच, रंग फिका. मोलर शोषणांक हजाराच्या आत.

फॉक्स: पेरॉक्साइड फेरस लोहाचं फेरिक करतं, फेरिक झायलेनॉल ऑरेंजशी जांभळट संयुग देतं, ५६० ला वाचायचं. सॉर्बिटॉल घातलं की एका पेरॉक्साइडमागे जास्त लोह बदलतं, त्यामुळे शोषणांक लाखाच्या घरात जातो. मूठभर डोळ्यांतून थोडंसंच मिळणार असेल तर मोह होतो. पण अ‍ॅस्कॉर्बेट इथेही फेरिकला परत फेरस करतं, टॅनिन लोहाला धरून बसतं, ईडीटीए (धातू धरून ठेवणारं रसायन) असेल तर कामच संपलं, आणि मेदाचे पेरॉक्साइडही यात दिसतात. झायलेनॉल ऑरेंजची बाटली बदलली की रेषा पुन्हा काढायची, बाटलीबाटलीत फरक असतो.

तुझ्या नमुन्याला मी टायटॅनियम घेईन, डोळे जास्त जमवून. रंग फिका असला तरी चालेल, तो कशाचा आहे ते तरी माहीत असेल.

उनाड_प्रोटॉन

अ‍ॅम्प्लेक्स रेड का नाही? ते तर फक्त पेरॉक्साइडच ओळखतं म्हणतात. शोषणावरही वाचता येतं, फ्लुरोमीटर लागेलच असं नाही.

पेशीपुराण

या वेळी प्रश्न चांगला आहे. :) माणसाच्या किंवा प्राण्याच्या पेशींवरच्या माध्यमात ते उत्तम. पेरॉक्सिडेजच्या साहाय्याने एकास एक प्रमाणात गुलाबी रेसोरुफिन बनतं, ५७० च्या आसपास दिसतं. पण पेरॉक्सिडेजचं आवडतं खाद्य म्हणजे फिनॉल, आणि द्राक्षाचा डोळा फिनॉलनेच भरलेला. ते रंगद्रव्याशी स्पर्धा करतं, आकडा कमी येतो. अर्क खूप पातळ करून चालवतात काही जण, पण मग हरवलेलं किती ते पुन्हा मोजा. किंमत तर विचारूच नकोस. पथलॅबच्या ताईंच्या अमिनोअँटिपायरिनलाही हीच अडचण.

भद्रकालीकर

एक अडाणी प्रश्न. जखमेवर पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो, तो याच कॅटलेजचा ना?

पथलॅबची_ताई

हो भाऊ. रक्तात भरपूर असतं. फेस म्हणजे सुटलेला ऑक्सिजन. म्हणून रक्ताच्या नमुन्यातलं पेरॉक्साइड मोजायचं म्हटलं की तांबड्या पेशी फुटलेला नमुना आम्ही बघायच्या आधीच बाद.

वेलबुट्टी

नवी बातमी. पीएच सुधारल्यावर कॅटलेजच्या नळीत आकडा उतरला. बोर्डोवाल्या काड्यांत थोडाच, बिनबोर्डोवाल्यांत बराच. जिवंत कॅटलेजची नळीही बरोबर निघाली, पेस्टिंगच्या अर्कातसुद्धा. टायटॅनियमच्या साक्यावर टाकलेलं पेरॉक्साइड आधीपेक्षा पुष्कळ परत मिळतंय. दोन गटांत फरक दिसायला लागलाय, पण तो सगळ्या दिवसांच्या नमुन्यांत नाही. पेस्टिंगनंतर लगेचच्यात नाही आणि डोळा फुगल्यावरच्यातही नाही, मधल्यांतच आहे. गाइडना तो योगायोग वाटतो.

पेशीपुराण

योगायोग असेलच असं नाही. कॅटलेज दबायला वेळ लागतो आणि वाढ काही काळापुरतीच असते. मधल्या दिवसांचे नमुने दाट घे आणि प्रत्येक दिवसाला कॅटलेजची क्रियाशीलताही मोज, त्याच २४० नॅनोमीटरला पेरॉक्साइड उतरताना बघून. एक वर आणि दुसरं खाली एकाच दिवसांत दिसलं तर गाइड ऐकतील. कॅटलेजसाठी अर्क मात्र आम्लात काढू नकोस, वेगळा, बफरात.

चित्र हवं असेल तर डॅब (डायअमिनोबेंझिडीन) वापरून रंगव. डोळा उभा चिरून, १ मिलिग्रॅम प्रति मिली, पीएच ३.८, काही तास. पेरॉक्साइड आणि पेरॉक्सिडेज दोन्ही जिथे असतील तिथे तपकिरी. चिरलेला डोळा डॅबशिवायही तपकिरी होतो, म्हणून एक चिरलेला बिनडॅबचा आणि एक अ‍ॅस्कॉर्बेट घातलेला, दोन्ही शेजारी ठेव. हिरवा रंग उकळत्या अल्कोहोलमध्ये काढ, पाण्याच्या बाथवर, उघड्या ज्योतीवर अजिबात नाही. डॅबवरून आकडा मात्र काढू नकोस, ते फक्त जागा दाखवतं.

दिंडोरीचा_बागाईतदार

त्या मधल्या दिवसांचे डोळे हवे असतील तर आमच्याकडे उशिराची छाटणी बाकी आहे एका प्लॉटची. थॉमसनच आहे. बोर्डो थांबवतो. व्यक्तिगत निरोप करा.

वेलबुट्टी

दादा, निरोप केलाय! पेशीपुराण, एकच शेवटचं: उरलेलं डॅब सिंकमध्ये ओतलं तर चालतं का? लॅबमधले तसंच करतात.

पेशीपुराण

नाही. कर्करोगकारक असल्याचा संशय आहे त्याच्यावर. लेबल लावलेल्या वेगळ्या बाटलीत जमव आणि घातक कचऱ्यात दे. वजन करताना हातमोजे आणि मास्क. आणि ब्लीच ओतून ‘निष्क्रिय केलं’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस.